वासंतीबाईंच्या वर्गातला लोड

मी एक जुना लोड आहे. गादीवर पाठ टेकायला असतो ना, तोच. गोल, लांबुळका, दोन्ही टोकांना चुण्या घातलेला. मित्रांनो, हल्ली तुमच्या घरोघरी सोफे आले, तेव्हा तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. नसू दे, मी रागावणार नाही. रागावण्याचं वय गेलं माझं. परवापर्यंत माझा मुक्काम शुक्रवार पेठेतल्या एका हॉलच्या माळ्यावर होता. तिथून खालचं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं. लोडाला कुठे कान असतात, असं तुम्ही म्हणाल. अहो, भिंतींना कान असतात म्हणता, मग कापसानेच काय घोडं मारलंय?

माझा जन्म गंज पेठेत, दादामियाँ पिंजाऱ्यांच्या ओट्यावर झाला. दादामियाँ म्हणजे उंच, वाकलेले, भुवयांवरसुद्धा कापूस उडालेले. त्यांच्या लांब पिंजणीची तार दिवसभर तांय तांय वाजत असायची आणि कापूस मार खाऊन खाऊन फुलत असायचा. "गच्च भरला तर माणसाला टोचतो, सैल भरला तर माणूस आत बुडतो," असं म्हणत त्यांनी मला हाताने दाबून दाबून भरलं. माझी शिवण त्यांच्या सुनेने, अमिनाबींनी घातली. घट्ट, एकसारखी. ती शिवण अजून उसवलेली नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

माझ्यात एकच खोट होती. मी जरा जास्तच गोल झालो होतो. त्यामुळे धक्का लागायचा अवकाश, की मी निघालोच!

माझी पहिली नोकरी मार्केट यार्डात, श्यामसुंदरशेठांच्या गुळाच्या पेढीवर. शेठ टेकायला गेले की मी मागच्या मागे सटकायचो आणि शेठ उताणे. "हा लोड आहे की लोटांगण?" असं ते ओरडायचे, हमाल तोंड फिरवून हसायचे. पुढे पेढीवर टेबल-खुर्च्या आल्या आणि माझी गरज संपली. गुळाचा वास आणि चार मुंग्या एवढी कमाई घेऊन मी तिथले कारकून माधवराव यांच्या सायकलवरून शुक्रवार पेठेत आलो. त्यांच्या पत्नी म्हणजे वासंतीबाई.

वासंतीबाई योगासनं शिकवायच्या. काठीसारख्या ताठ, आवाज त्याहून ताठ. हॉलच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'वर्ग वेळेवर सुरू होतो, आपणही यावे. रिकाम्या पोटी यावे. नातेवाइकांनी बाहेर बसावे. वर्ग चालू असताना बोलू नये. शंका वर्ग संपल्यावर विचाराव्यात. त्या बहुधा उरत नाहीत.'

पुण्यात अशा पाट्यांचं कुणाला वाईट वाटत नाही. उलट लोक पाहुण्यांना दाखवायला घेऊन यायचे. आणि बाई शिकवायच्याही तशाच खणखणीत. कितीतरी दुखऱ्या पाठी त्यांनी सरळ केल्या. मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि मला लोळण्यावरून एकही शिवी बसली नाही. भिंतीशी कसं लावायचं ते त्यांना कळत होतं.

शेजारच्या गल्लीत डॉक्टर सुनीती यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. त्या बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. एक दिवस त्या येऊन म्हणाल्या, "बाई, माझ्याकडच्या गरोदर बायकांसाठी वर्ग घ्याल का? नुसत्या बसून बसून घाबरतात हो त्या." बाई लगेच तयार झाल्या. मग दोघी समोरासमोर बसल्या आणि वर्ग कसा घ्यायचा ते ठरवू लागल्या. मी बाईंच्या पाठीशी होतो, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

पोटावरची आसनं नकोत, पिळाची नकोत, उड्या तर नाहीतच, हे बाईंनी आपणहून सांगितलं. पुढचं ऐकायला मात्र त्या तयार होईनात. सुनीतीताई म्हणत होत्या, "पोट मोठं होऊ लागलं की उताणं झोपवायचं नाही. पोटाचा भार आतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, चक्कर येते, बाळालाही रक्त कमी पडतं. डाव्या कुशीवर निजवा. थोडं खाऊन येऊ द्या. आणि मुख्य म्हणजे त्यांना बोलू द्या."

"बोलू दिलं तर हळदीकुंकू होईल, वर्ग नाही," बाई म्हणाल्या. "आणि सुनीती, तू बाळंतपणं कर. शवासन मला शिकवू नकोस. इतकी वर्षं लोकांना उताणं निजवतेय मी, एकजण तरी दगावला का?"

"ते लोक गरोदर नव्हते, बाई."

बाई हसल्या, पण बधल्या नाहीत. शवासन उताणंच राहिलं, फक्त जिला गरज असेल तिच्या गुडघ्यांखाली मला ठेवायचं ठरलं. पाटीही तशीच राहिली. माझ्या कापसात तेव्हाच कुठेतरी गाठ बसली.

त्याच सुमारास दादामियाँ आले. दर दोन-तीन वर्षांनी ते मला घेऊन जायचे, टोकाची चुणी सोडून, कापूस पिंजून, पुन्हा भरून आणून द्यायचे. त्या दिवशी मला खांद्यावरून उतरवून ते जिन्यापाशीच घुटमळले.

"काय झालं दादामियाँ? बसा की," बाई म्हणाल्या.

"बाई, माझी नात आहे, सकीना. खडकीला दिली आहे. गेल्या साली पोटातलं गेलं तिचं, सहाव्या महिन्यात. आता पुन्हा दिवस आहेत. माहेरी आणली आहे. पोरगी बोलत नाही, हसत नाही, पोटावर हात ठेवून बसून असते. डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडं हलू-चालू द्या. पण तिला पाऊल टाकायचीसुद्धा भीती वाटते."

वासंतीबाईंनी वहीत सकीनाचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पाठवा तिला माझ्याकडे. माझ्या हातात सोपवा. फक्त वेळेवर पाठवा."

दादामियाँनी माझ्यावर थोपटलं. "ह्याला सांगून जातो, लक्ष ठेव म्हणून," असं म्हणून ते हसले. मित्रांनो, ते हसण्यावारी बोलले होते, पण मी ते हसण्यावारी घेतलं नाही.

सकीना आली. नाजूक, सावळी, मोठ्या डोळ्यांची. सोबत अमिनाबी, तिची आई, हातात स्टीलचा डबा. डब्यात खजूर आणि उकडलेली अंडी. बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. "रिकाम्या पोटी." अमिनाबींनी पाटी वाचली, लेकीकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. त्यांच्या मनाला ते पटलं नव्हतं, पण एवढ्या मोठ्या बाईंना कोण बोलणार? त्यांनी डबा दाराच्या आत, उंबऱ्याला लागून ठेवला आणि स्वतः बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

सकीनाला माझ्यावर पाय ठेवून निजवलं, तेव्हा तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. हळूहळू काही दिवसांनी ती थरथर कमी झाली. खांदे सैल करायला शिकली, श्वास लांब घ्यायला शिकली. एकदा तर बाळाने लाथ मारली आणि ती स्वतःशीच हसली. मी खूश झालो. बाईही खूश झाल्या, पण त्यांनी ते दाखवलं नाही. मात्र दिवस वाढत होते, पोट वाढत होतं आणि निजणं तसंच उताणं होतं.

मग तो गुरुवार आला. गुरुवारी आमच्याकडे वीज जायचीच. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, रस्त्यावरचा आवाज नको म्हणून खिडक्या लावलेल्या. सकीना त्या दिवशी सकाळपासून चहावर होती. शवासन सुरू झालं. "डोळे मिटा. शरीर सैल सोडा. आता कुणीही हालचाल करायची नाही," असं म्हणून बाईंनी स्वतःचेही डोळे मिटले. ही त्यांची जुनी पद्धत. शिकवता शिकवता त्यासुद्धा ध्यानात जायच्या.

हॉल अगदी गप्प झाला.

आणि मला सकीनाच्या पायांत फरक जाणवला. आधी पोटऱ्या गार पडल्या. मग घामाने माझा अभ्रा ओला होऊ लागला. तिचा श्वास लहान, लहान, आणखी लहान होत गेला. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पाटी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती, पण तिला ती तोंडपाठ होती. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने हात उचलला, वितभर, आणि पुन्हा खाली ठेवला. अगं बोल! मी आतून आक्रोश करत होतो. बोल की गं पोरी! एक हाक मार! बाई तुला खाणार आहेत का? पण मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आणि वर ती पाटी. आजूबाजूला सगळ्या डोळे मिटून पडलेल्या. तिच्या पोटात एक जीव, तो गेल्या वर्षीसारखा जाऊ नये म्हणून ती इथे आलेली, आणि इथेच तिची बोलायची हिंमत होत नव्हती.

ती कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागली. अंगात बळच नव्हतं. तिची टाच माझ्यावरून घसरली, मला धक्का बसला.

लोक नंतर म्हणाले, लोडाने जीव वाचवला. छे हो! उगाच मोठेपणा कशाला घेऊ? मी काही ठरवून गेलो नाही. मी गोल होतो, म्हणून निघालो. फरशीवरून गडगडत गेलो आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या डब्यावर आदळलो. डबा आडवा झाला, झाकण उडालं, ठण्ण ठण्ण करत गरगरलं.

"कोण आहे ते? पाटी वाचता येत नाही का?" डोळे उघडता उघडता बाई कडाडल्या.

आणि मग त्यांना सकीना दिसली. ओठ पांढरे, कपाळ घामाने निथळलेलं, डोळे अर्धे मिटलेले. बाईंचा चेहरा असा उतरला की मी तो पुन्हा कधी पाहिला नाही. त्या अक्षरशः धावल्या. सकीनाच्या पाठीखाली हात घालून त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं. "खिडक्या उघडा! कुणीतरी सुनीतीला बोलवा, पळा!" एक बाई जिना उतरून गेली, दुसरीने खिडक्या उघडल्या. अमिनाबी उंबरा ओलांडून आत आल्या आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. नातेवाइकांनी बाहेर बसावे, हे त्या वेळी कुणालाच आठवलं नाही. बाईंनी मला ओढून आणलं आणि सकीनाच्या पोटाशी, तिच्या कवेत दिलं, म्हणजे पोटाला आधार मिळावा.

थोड्या वेळाने तिच्या ओठांना रंग आला. डोळे उघडले. पण पहिला शब्द आला तो ऐकून सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं.

"अम्मी, हलत नाही."

अमिनाबींनी तिच्या पोटावर हात ठेवला. बाईंनीही ठेवला. मी तर चिकटूनच होतो. काहीच नाही. नुसतं गरम पोट आणि वरून सकीनाच्या छातीची धडधड. "मागच्या वेळी पण असंच झालं होतं," ती म्हणाली आणि तिने मला इतकं घट्ट धरलं की माझी शिवण ताणली. "बेटा, ठहर जरा, डॉक्टरीणबाई येतायत," असं अमिनाबी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाई पदराने सकीनाला वारा घालत होत्या.

सुनीतीताई आल्या. एक शब्दही विचारला नाही त्यांनी, काय झालं ते त्यांना दिसलं. कर्ण्यासारखी छोटी नळी त्यांनी सकीनाच्या पोटावर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. नळी थोडी सरकवली. पुन्हा कान लावला. पुन्हा सरकवली. सगळा हॉल श्वास रोखून उभा होता. ज्या शांततेसाठी बाईंनी पाटी लावली होती, ती शांतता त्या घडीला त्यांना सोसवत नव्हती. "सुनीती, बोल गं काहीतरी," त्या जवळजवळ रडत म्हणाल्या.

सुनीतीताईंनी हात वर केला. ऐकत राहिल्या. मग मान वर केली.

"आहेत ठोके. चांगले आहेत."

अमिनाबींनी पदर तोंडाला लावला. सुनीतीताईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" सकीनाने 'काही नाही' अशी मान हलवली. तेव्हा अमिनाबी उठल्या, सांडलेल्या डब्यातला तळाशी उरलेला खजूर आणला आणि बाईंच्या देखत लेकीच्या तोंडात घातला. बाईंनी स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. आणि मग, मित्रांनो, माझ्या अंगाला एक लाथ बसली. छोटीशी, पण चांगली सणसणीत. श्यामसुंदरशेठांनी मला पुष्कळ लाथा घातल्या होत्या, पण हिच्यासारखी गोड लाथ मी जन्मात खाल्ली नव्हती. सकीना मोठ्याने रडायला लागली, आणि तिला रडताना बघून सगळ्याजणी रडल्या. "आता दवाखान्यात चल, मला नीट तपासायचंय," सुनीतीताई म्हणाल्या आणि तिला रिक्षातून घेऊन गेल्या.

हॉल रिकामा झाल्यावर बाई माझ्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या. मग उठल्या, पाटी काढली आणि जिन्याखाली ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून त्या गंज पेठेत गेल्या. दादामियाँनी पिंजण थांबवली. बाई ओट्यासमोर उभ्याच राहिल्या. "दादामियाँ, तुम्ही विश्वासाने पोर सोपवली होती. सुनीतीने मला बजावलं होतं, ते मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

दादामियाँनी पिंजणी बाजूला ठेवली, अंगावरचा कापूस झटकला. मग म्हणाले, "बाई, कापूस भिजला तर आम्ही उन्हात घालतो. फेकत नाही." आणि मला हातात घेऊन उलटसुलट बघत ते म्हणाले, "याला जरा चपटा करून देऊ? लोळायचा नाही मग."

"नको," बाई म्हणाल्या. "लोळू दे त्याला."

अमिनाबी मात्र आतून कडक आवाजात म्हणाल्या, "पोरगी आता येणार नाही." त्यांचं काय चुकलं? पण मागून सकीनाचा आवाज आला. "सुनीतीताई हो म्हणाल्या तर मी येईन, अम्मी. पण डबा आत ठेवायचा."

"डबाही आत आणि तुम्हीही आत," बाई अमिनाबींना म्हणाल्या.

मग बाई आणि सुनीतीताईंनी पुन्हा बसून वर्ग नव्याने ठरवला. या वेळी सुनीतीताई सांगत होत्या आणि बाई ऐकत होत्या. आधी डॉक्टरांची परवानगी, मग वर्ग. बायका थोड्याच घ्यायच्या, म्हणजे प्रत्येकीकडे लक्ष राहील. भिंतीशी खुर्च्या, म्हणजे तोल गेला तर धरायला आधार. आल्या आल्या प्रत्येकीला विचारायचं, काल झोप लागली का, पाय सुजले का, काही खाल्लं का. निजायचं ते कुशीवर, माझ्यासारखा एकेक लोड कवेत घेऊन. दादामियाँनी माझ्या भावंडांची अख्खी रांगच बनवून दिली. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे बाईंनी डोळे उघडे ठेवायचे. बायकांमधून फिरत त्या सतत विचारायच्या, "बरं वाटतंय ना?" सुरुवातीला त्यांच्या तोंडी ते एखाद्या तपासनिसासारखं यायचं. बायका दचकून "हो हो" म्हणायच्या. मग बाई तिथेच उभ्या राहायच्या, खरं उत्तर येईपर्यंत.

एकदा भर शांततेत सकीना ओरडली, "बाई, माझा पाय आखडलाय!" सगळ्याजणी चमकल्या. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग वाट कसली बघतेस, मुहूर्ताची? ऊठ, पाय झाड!" सगळा हॉल हसला. अमिनाबी तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

संक्रांतीच्या आसपास सकीना बाळंत झाली. मुलगी झाली. बाळाचे वडील नियाज खडकीहून पेढे घेऊन थेट हॉलवर आले. नाव ठेवलं शहजादी.

पुढे वर्षं गेली. दादामियाँ गेले. त्यांच्याबरोबर ती तांय तांयही गल्लीतून गेली. मला पिंजणारं कुणी उरलं नाही, माझ्यात गाठी झाल्या. मग स्पंजचे हलके, रंगीत लोड आले आणि मी माळ्यावर गेलो. वासंतीबाईंचे गुडघे गेले, त्या हॉलच्या वरच्या घरात बसून राहू लागल्या. आणि त्यांचा वर्ग कुणी चालवायला घेतला असेल? शहजादीने! फिजिओथेरपी शिकून आली पोरगी. हुशार, चटपटीत, थोडी घाईची. मी वरून बघायचो आणि ती लाथ आठवायचो.

परवा मात्र मी हादरलो. शहजादीने दारावर नवी, छापील पाटी लावली: 'मोबाइल बंद ठेवा. कृपया शांतता राखा.' वर्ग सुरू झाला. बायका आल्या, पाटी वाचून गप्प बसल्या. कोपऱ्यातली एक नवी मुलगी सारखी ओठ चावत होती, आणि शहजादी पाठमोरी गाणं लावत होती. मला वरून दिसत होतं, पण हे सांगू कुणाला?

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. वासंतीबाई उतरत होत्या, एकेक पायरी. दारात थांबल्या. चष्मा सावरून पाटी वाचली.

"हे कुणी लावलं?"

"मीच, आजी. बायका फार बोलतात हो, कॉन्सन्ट्रेशन होत नाही."

"मोबाइलचं राहू दे. शांततेचं काढ."

"पण आजी, का?"

बाई उंबरा ओलांडून आत आल्या. "तुझ्या आईने तुला कधीच सांगितलं नाही?" आणि तिथल्याच एका खुर्चीवर बसून, सगळ्यांसमोर, काही न झाकता त्यांनी तो गुरुवार सांगितला. "तू इथे, या फरशीवर, शांततेत जात होतीस गं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा ताठ आवाज फुटला.

शहजादी दाराशी गेली. तिने पाटी उतरवली. मग स्टुलावर चढून मला माळ्यावरून खाली काढलं, धूळ झटकली, दोनदा शिंकली. माझ्या गाठी चाचपून पाहिल्या. मग मला घेऊन ती कोपऱ्यातल्या त्या मुलीपाशी गेली, मला तिच्या पाठीशी लावलं, तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बरं वाटतंय ना?"

"हो," मुलगी पुटपुटली.

शहजादी उठली नाही. बसून राहिली.

"नाही, म्हणजे सकाळपासून जरा गरगरतंय," मुलगी हळूच म्हणाली.

"सांगितलंस ते बरं केलंस," शहजादी म्हणाली आणि डॉक्टरांना फोन लावला.

मित्रांनो, मला पिंजून घ्या, माझा अभ्रा बदला, असं काही मी मागत नाही. मला तोंड नाही, म्हणून डब्यावर आदळावं लागलं. तुम्हाला तोंड आहे. दुखलं-खुपलं तर समोर कितीही मोठं माणूस असो, सांगा. आणि तुमच्या घरात कुणी गप्प गप्प असेल, तर जाऊन विचारा, बरं वाटतंय ना? आधी "हो" असंच उत्तर येईल. तेव्हा उठून जाऊ नका. थोडं बसून राहा.